सात वाजताच्या दोन रिंगा

आमच्या घरात संध्याकाळी सातला फोन वाजला तर उचलायचा नाही, असा नियम होता. दोन रिंगा वाजत आणि तिसरीच्या आत फोन आपणच गप्प होई. पाहुणे असले की उठू लागत. मी म्हणे, "बसा, माझ्या वडिलांचा आहे." मग ते आणखीच गोंधळत. वडिलांचा फोन, आणि मुलगी जागची हलत नाही!

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात आणि मुक्काम शिंदखेड्याला. तेव्हा तारा उघड्या असत, रस्त्याकडेच्या लोखंडी खांबांवरून गेलेल्या. वारं सुटलं की दोन तारा एकमेकींना गुंडाळत आणि शिरपूरच्या जिनिंगवाल्याच्या कानात दोंडाईच्याचा मिरचीवाला बोलायला लागे. नाना सायकल काढत, खांबावर चढून तारा सोडवत आणि उतरायच्या आधी वरूनच, ज्याची लाइन त्या घरी रिंग देत. दोनच. कोणी उचललाच तर आमच्या अहिराणीत "टेस्टिंग शे", टेस्टिंग आहे, एवढंच म्हणत आणि ठेवून देत. बोलण्याची त्यांना गरज वाटत नसे. पलीकडे वाजलं, म्हणजे काम झालं.

मी लग्न होऊन जळगावला आले. पिंप्राळ्यात घर बांधलं आणि पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला. नंबर लावून कित्येक वर्षांनी आम्हाला फोन मिळाला. पहिल्याच संध्याकाळी तो वाजला. मी धावत जाऊन उचलला.

"उचलस कसाले?" नाना पलीकडून खेकसले. "लाइन बेस शे का, ते पाही राहिनू."

"नाना, फोन बोलायला असतो."

"बोलानं व्हई तवय तीन रिंगा देसू. दोन म्हंजे टेस्टिंग."

तेव्हापासून रोज सातला दोन रिंगा. आई गेलेली, नाना निवृत्त होऊन एकटे. भाऊ सुरतेला. मी चारदा सांगून पाहिलं, जळगावला या. ते येत नव्हते. रोजच्या दोन रिंगांचा अर्थ मला कळत होता. ते टेस्टिंग म्हणत असले तरी तपासत लाइन नव्हते. आणि मलाही त्यावरून कळायचं की ते उठून फोनपर्यंत चालत गेले आहेत. एवढ्यावर आम्हा दोघांचं बरं चाललं होतं.

नानांची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे मला ती बऱ्याचदा आठवली. शिंदखेड्याजवळच्या एका गावात एका बंद घराची लाइन ते काढायला गेले होते. कनेक्शन तुटलेलं, घराला कुलूप. तार कापण्याआधी सवयीने त्यांनी तारेला चिमट्याने जोडायचा टेस्टचा फोन लावून ऐकलं, तर एक बाई पोरांना जेवायला हाका मारत होती.

"इंडक्शन," मी म्हटलं. शेजारच्या तारेतला आवाज या तारेत येतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

"इंडक्शनच शे. माले समजस," ते म्हणाले. "पन ती बाई चार वरीस पहिले मरी गयी व्हती. मी तिना आवाज वळखस."

ते सांगत होते ते अगदी बिघाडाची नोंद द्यावी तसं. घाबरल्याचं नाही, घाबरवायचंही नाही. पुढे म्हणाले, "मानूस जास. आवाज तारमा राहस." आणि तंबाखू मळायला लागले. मी भूतखेत मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते.

नव्वदीचं दशक संपत आलं आणि टायपिंगचे क्लास मरायला लागले. मुलं येत, मशिनं बघत आणि विचारत, "बाई, कॉम्प्युटर नाही का?" मी सहापैकी चार मशिनं विकून एक कॉम्प्युटर घेतला. मग जळगावातूनच लोकल नंबर फिरवून इंटरनेट मिळायला लागलं. मी ते लगेच घेतलं. पिंप्राळ्यात आमच्या बाजूला तरी माझं पहिलंच. हौस म्हणून घेतलं नाही, क्लास टिकवायचा होता. दारावर पाटी लावली आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ ही बॅच धरली, कारण मुलं कॉलेजातून आणि माणसं दुकानातून तेव्हाच मोकळी होत.

मोडेम नावाचा डबा टेलिफोनच्या तारेला जोडलेला. नंबर फिरला की तो आधी शिट्ट्या मारी, मग घसा खरवडल्यासारखं करी, मग एकदम गप्प. गप्प झाला की लागलं समजायचं. एकदा लागलं की कोणी जागचं हलत नसे, कारण कधी तुटेल याचा नेम नव्हता. तुटलं की पुन्हा फिरवा. वीस-वीस वेळा फिरवावं लागे. आणि इंटरनेट चालू असलं की टेलिफोन बंद. बाहेरून लावणाऱ्याला नुसता एंगेज टोन.

सातच्या रिंगा बंद झाल्या हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. लक्षात आलं होतं. रविवारी फोन करून सांगू, असं ठरवलं होतं.

रविवारच्या आधी नानाच आले. दुपारच्या पॅसेंजरने, अमळनेर-धरणगाव करत, खांद्याला जुनी कॅनव्हासची पिशवी. पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटपासून पायी चालत आले. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"तुनी लाइन खराब शे. चार दिन व्हयनात, एंगेज लागस."

"खराब नाही, नाना. इंटरनेट आहे. तुम्ही आत तर या."

आत यायच्या ऐवजी ते आमच्या फाटकाजवळच्या खांबाशी गेले. क्लासची मुलं नुकतीच जमली होती, इंटरनेट लागलेलं होतं. सत्तरीचा माणूस त्यांच्यादेखत आमची शिडी लावून वर चढला, पेटी उघडली, टेस्टच्या फोनचे दोन चिमटे लावले आणि ऐकत उभा राहिला. मी खाली शिडी धरून.

"नाना, उतरा आता."

"थांब." मग बऱ्याच वेळाने, "हाई काय शे?"

"दोन कॉम्प्युटर बोलताहेत."

"दोन मशिनी बोली राहिन्यात? मग मानसं कोठे शेतस?"

खाली मुलं हसली. नाना हसले नाहीत. मलाही त्यांनी फोन वरून खाली दिला. पत्र्यावर लांबून पाऊस पडावा तसा एकसारखा आवाज होता. दुसरं काही नाही. पण नाना खाली आले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. इतका वेळ त्यांनी तारेला कान कधी लावला नव्हता, आणि ओळखता न आलेला आवाज तर आयुष्यात ऐकला नव्हता.

"येमा कोनीतरी शे," जेवताना ते म्हणाले.

"कोणी नाही, नाना."

"तू ऐकंस का नीट? कोनीतरी लांबथून सांगी राहिनं. समजत नही, इतलंच."

मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवताना मी कबूल केलं, सातला पाच मिनिटं इंटरनेट बंद ठेवीन. रिंगा वाजल्या की पुन्हा लावीन.

आठ-दहा दिवस ठेवलंही. पण पाच मिनिटांसाठी तोडलं की पुन्हा लागायला अर्धा तास जाई आणि बॅचमधली मोठी माणसं घड्याळाकडे बघत. एक दिवस तोडलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. नाना काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी मी फोन करे, तेव्हा हवापाणी, भाजीपाला, एवढंच. मी समजले की त्यांनी समजून घेतलं.

आता ती संध्याकाळ. शेजारच्या कापडदुकानवाल्यांच्या शेठाणीबाई क्लासमध्ये येऊन बसल्या होत्या. त्यांच्या मुलीला परदेशात मुलगा झाला होता आणि त्याचा फोटो ई-मेलने आला होता. बाई नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, देवदर्शनाला आल्यासारख्या पडद्यासमोर बसल्या. तेव्हा फोटो वरून खाली एकेक ओळ उतरत येई, गोणपाट विणत जावं तसा. सातच्या सुमारास कपाळ आलं.

"बस, एवढंच?"

"येतोय, काकू. थांबा."

"टकलू आहे बापासारखा." मग दहा मिनिटांनी, "डोळे आले! पण मिटलेले आहेत गं."

"झोपला असेल."

"नाक कधी येणार? आमच्याकडचं नाक आहे की त्यांच्याकडचं, तेवढं बघते आणि जाते. दुकान उघडं आहे."

नाक यायला आणखी बराच वेळ लागला. त्यांच्याकडचं निघालं. बाई म्हणाल्या, "जाऊ दे, मुलगा आहे, चालतं." सगळे हसले. पावणेआठपर्यंत लाइन चालू होती. त्या दिवशी एकदाही तुटली नाही, याचा मला आनंद झाला होता. हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदखेड्याहून नानांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. नाना खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते, टेलिफोनच्या टेबलाशी. डॉक्टर म्हणाले हृदय, वेळ नक्की सांगता येत नाही, संध्याकाळनंतर कधीतरी. रिसीव्हर जागेवर नीट ठेवलेला होता. लाइनमनच तो, अर्धवट ठेवून जाणार नाही.

शेजारीणबाई मला जवळ घेऊन सांगत होत्या, "दिवेलागणीले मी खिडकीमधून पाह्यं, अक्का. फोन कानले लायेल व्हता. मी म्हन्तं, पोरसंगे बोली राहिनात."

एवढंच वाक्य घेऊन मी ते तेरा दिवस काढले. त्यांनी मला फोन लावला होता का? लावला असेल तर बरं वाटत नाही म्हणून लावला होता, की नेहमीसारखा? आणि त्यांना एंगेज टोन ऐकू आला का? बाकी सगळं मला झेपत होतं. सामान काढलं, भांडी वाटली, माणसांचं जेवणखाण बघितलं. हे तेवढं झेपत नव्हतं. विचारावं असं माणूसही उरलं नव्हतं.

नवरा आणि मी, दोघंही ते तेरा दिवस शिंदखेड्यालाच होतो. पिंप्राळ्याच्या घराला कुलूप होतं. हे लक्षात असू द्या.

चौदाव्या दिवशी आम्ही परतलो. नवरा भुसावळला रेल्वेत, तो दुसऱ्या दिवसापासून कामावर गेला. क्लास अजून बंदच होता. संध्याकाळी मी डाळ निवडत बसले होते. सातला फोन वाजला. दोन रिंगा. बंद.

मी ताट बाजूला ठेवलं. पहिला विचार आला तो हाच, की कोणी समाचाराला लावला असेल आणि लाइन तुटली असेल. पुन्हा लावतील म्हणून थांबले. कोणी लावला नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. मी हिशेबी बाई आहे. एकेक कारण घेऊन खोडत गेले. भावाला विचारलं, तो नव्हता. क्लासच्या मुलांना दरडावून विचारलं, ती घाबरली, पण नव्हती. शिंदखेड्याचं घर बंद, किल्ली माझ्याकडे. क्लास चालू केला तेव्हा सातला लाइन मोकळी ठेवायला लागले, कोणी कुरकुर केली तर करू दे. दोन रिंगा येतच होत्या.

एका रविवारी नवरा घरी होता. रिंगा वाजल्या. पेपरमधून डोकं न काढता तो म्हणाला, "नानांचा..." आणि तिथेच थांबला. मग पेपर घडी करून ठेवला, चपला घातल्या आणि फिरायला गेला.

एकदा मी उचलला. पहिल्या रिंगेलाच, हात तयार ठेवून. "हॅलो" म्हटलं. पलीकडे कोणी नव्हतं, पण बंदही नव्हतं. उघडी लाइन होती, लांबवर गेलेली, आणि तिच्यात तो पत्र्यावरच्या पावसासारखा आवाज. क्लासचा कॉम्प्युटर तेव्हा बंद होता. मी जाऊन बघितलं, वायरसुद्धा काढलेली होती. "नाना" असं काही मी म्हटलं नाही. तोंडाशी आलं होतं. मग खट झालं आणि डायल टोन आला.

त्यानंतर दोन दिवस फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन रिंगा. राग जायला नानांना साधारण तेवढाच वेळ लागे.

नानांच्या नावाचं शिंदखेड्याचं कनेक्शन बंद करायचं होतं. त्याची चौकशी करायला मी जळगावच्या टेलिफोन ऑफिसात गेले. अर्जावर नाव वाचून कारकून म्हणाला, "थांबा, टेस्ट डेस्कच्या बाईंना तुम्हाला भेटायचं होतं."

टेस्ट डेस्क म्हणजे जिथून शहरातली कुठलीही लाइन तपासता येते ते टेबल. तिथल्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, निवृत्तीला आलेल्या. उठून माझा हात धरला त्यांनी. आधी त्या ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या. नाना खांबावरून, त्या बोर्डवरून, अशी वीस वर्षं रोज बोलणी. भेट एकदाही नाही.

"तुमच्यात त्यांचं नाक आलंय का, ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण आवाज आलाय."

मग त्यांनी सांगितलं. मी सातला लाइन मोकळी ठेवायचं सोडलं, तेव्हापासून नाना आधी माझा नंबर लावत. एंगेज लागला की या बाईंना लावत. बाई डेस्कवरून माझी लाइन बघत आणि सांगत, "नाना, चालू आहे, ताईंचं इंटरनेट." नाना म्हणत, "बेस," आणि ठेवत. रोज.

"त्या दिवशी?" मी विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "त्या दिवशीही केला. आवाज बारीक होता. मी म्हटलं, नाना, बरं नाही का? म्हणे, घसा बसलाय. मी म्हटलं, मी मध्ये शिरून तोडू का लाइन? ताईंना सांगते तुम्हाला फोन करायला. मला येतं तसं करता."

"मग?"

"म्हणाले, 'नको तोडू, बाई. तिनं काम चालू शे.'"

मला जे विचारायला माणूस उरलं नव्हतं, ते असं एका टेबलाशी उभ्या उभ्या कळलं. कपाळ आलं होतं, डोळे यायचे होते, तेव्हा ते हे बोलत होते. मी खुर्ची घेऊन बसले. बाईंनी चहा मागवला. तो मी प्यायले.

"एक सांगू का? रागवाल," बाई म्हणाल्या. "नाना गेल्याचं आम्हाला लगेच कळलं. माणूस जातो त्या जागी तेरा दिवस दिवा ठेवतात ना, तसं मला काहीतरी करावंसं वाटलं. मग रोज सातला तुमच्या नंबरवर दोन रिंगा द्यायचे. त्यांची पद्धत माहीत होती मला."

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणजे या होत्या.

"अजून देता?" मी विचारलं.

"छे. तेराव्याला शेवटची दिली. दिवा विझवतात, तसं बंद केलं. का?"

तेरा दिवस आमच्या घराला कुलूप होतं. बाईंच्या रिंगा रिकाम्या घरात वाजल्या होत्या. मी ऐकल्या त्या सगळ्या त्यानंतरच्या.

"काही नाही," मी म्हटलं. "उगाच विचारलं."

अर्ज परत मागून घेतला आणि घरी आले. शिंदखेड्याचं कनेक्शन मी आणखी वर्षभर बंद केलं नाही.

दोनेक वर्षांनी टीव्हीची केबल टाकणारे आमच्या गल्लीत आले आणि सांगू लागले, की आता केबलमधूनच इंटरनेट मिळेल, टेलिफोन मोकळा राहील. लोक विचार करत होते, चौकश्या करत होते. मी त्याच दिवशी पुढच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून घेतलं. त्या संध्याकाळी शेठाणीबाई आल्या, नातवाचे नवे फोटो बघायला. आता फोटो एकदम येत होते, नाकासकट. बाई खूश. दुसरा बघत होत्या आणि सातला फोन वाजला.

"अगं, फोन," त्या म्हणाल्या. मी हलले नाही. "ऐकू येत नाही का? उचल की!"

दुसरी रिंग वाजली. मग शांत झालं.

"कोण होतं?"

"टेस्टिंग आहे, काकू," मी म्हटलं आणि पुढचा फोटो उघडला.